गाठ दिसली की लगेच सीटी स्कॅन?

ताई, सोनोग्राफीत अंडाशयावर ८ सेंमीची गाठ आली म्हणून नागपुरात धंतोलीत थेट सीटीचा नंबर लावावा का, असं विचारलंय तुम्ही. गाठ साधी की कर्करोगाची हे ठरवायला सीटी तशी कच्चीच. आतले पातळ पडदे, भिंतीवरचे बारीक कोंब योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत जास्त स्पष्ट दिसतात; तिथे उलगडा नाही झाला तर एमआरआय. अपवाद डर्मॉइडचा, म्हणजे चरबी, केस, दात असू शकणाऱ्या साध्या गाठीचा: सीटीत गाठीत चरबी आणि दातासारखं कॅल्शियम दिसलं की निदान जवळपास झालंच.

सीटीचं खरं काम म्हणजे रोग कुठवर पसरलाय ते बघणं. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं औषध) दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी स्कॅन होतो. रिपोर्टात ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), यकृताचा पृष्ठभाग, उजव्या डायफ्रामखालची (छाती-पोटामधल्या पडद्याखालची) जागा आणि लसीकाग्रंथी यांचा वेगळा उल्लेख हवा. आतड्यावरचे ५ मिमीपेक्षा लहान दाणे बहुतेकदा सुटतात, त्यामुळे ‘पसरलेला नाही’ यावर डोळे मिटून विसंबू नका. दोन्ही बाजूंना भरीव गाठी असतील तर जठर आणि मोठं आतडंही नीट बघायला सांगा, मूळ तिकडे असू शकतं.

आणखी एक चकवा पोटाच्या टीबीचा. पोटात पाणी, जाड ओमेंटम, रक्तात वाढलेलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणारं प्रथिन), सगळं हुबेहूब कर्करोगासारखं! बायोप्सीशिवाय ते सुटत नाही.

सीटीला जायच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. उपाशी यायला सांगितलं तरी उपाशी म्हणजे तहानलेलं नव्हे. नागपूरच्या मे महिन्यात तर मुळीच नाही, साधं पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते सेंटरवाल्यांना विचारून घ्या.