गोळा केलेल्या कतरणीची पोती साठली आहेत. वर्गवारी आणि वापर कसा करावा?

प्रश्न विचारणाऱ्या: कोथरूड

नमस्कार. आमच्या सोसायटीतील आणि शेजारच्या गल्लीतील मिळून आम्ही नऊ जणी जानेवारीपासून दर शनिवारी परिसरातील शिंप्यांकडे जाऊन बेतकामातून उरलेली कतरण गोळा करतो. एका दुकानाबाहेरच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत, मेथीच्या देठांखाली, वीतभर रुंदीचा अखंड इरकली काठ दिसला, तेव्हा या कामाला सुरुवात झाली. तो काठ मी घरी आणून धुतला. त्याचा रंगही गेला नाही.

कापडी पिशव्या शिवून मंडईतल्या आणि हातगाडीवरच्या भाजीवाल्यांना द्यायच्या, असा आमचा बेत होता. राज्यात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी त्यांचा वापर पुरता थांबलेला नाही, हे आपण सारेच पाहतो. परंतु चार महिन्यांत आमच्याकडून जेमतेम चाळीस पिशव्या शिवून झाल्या आणि सोसायटीच्या खोलीत सव्वीस पोती उभी राहिली. शिवाय आमच्या कामाची माहिती पसरल्यावर लोक दाराशी न विचारता गाठोडी ठेवून जाऊ लागले. त्यांत सैल पडलेल्या इलॅस्टिकचे पायमोजे, घामाचे डाग पडलेली पोलकी आणि एकदा तर बुरशी आलेला पडदाही निघाला. पावसाळा तोंडावर आला आहे आणि मे अखेरपर्यंत खोली रिकामी करण्यास आम्हाला सांगितले आहे. यातले काय ठेवावे, काय कोणाला द्यावे आणि हे काम पुढे चालवायचे तर कोणत्या पद्धतीने, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. हे सगळे पुन्हा कचऱ्यात जाऊ नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

उत्तर: रविवार पेठ

ताई, मी एकतीस वर्षे शिवणकाम केले आहे, त्यामुळे शिंप्याच्या बाजूने काही सांगतो. तुमची पहिली अडचण अशी आहे की कतरण पोत्यात एकत्र झाल्यावर तुम्ही ती वेगळी करायला बसता, तेव्हा ती कशाची होती हे सांगणारा माणूस तुमच्यासमोर नसतो. कापड बेतत असतानाच शिंप्याला ते सुती आहे की टेरिकॉट, जॉर्जेट आहे की सॅटिन, हे ठाऊक असते. म्हणून प्रत्येक दुकानात मशीनच्या बाजूला दोन पिशव्या टांगून द्या, एक निव्वळ सुतीसाठी आणि दुसरी बाकी सर्वांसाठी. दोनच द्या. चार दिल्यात तर लगीनसराईच्या घाईत कोणीही त्या पाळणार नाही. पोलक्याच्या गळ्याच्या आणि मुंढ्याच्या चंद्रकोरी तुकड्यांचा पिशवीसाठी काही उपयोग नाही. पिशवीला हातभर लांबीची सरळ पट्टी लागते आणि ती कुर्त्याच्या किंवा पडद्याच्या कापडातून निघते, हेही शिंप्यांना सांगून ठेवा.

आता साठलेल्या पोत्यांविषयी. संशय आला की तुकड्याचे चार धागे ओढून घ्या आणि चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखे जळते, वासही जळक्या कागदाचाच येतो आणि मागे बोटाने चुरगळेल अशी मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि त्याची टणक काळी गोळी होते. मिश्र धाग्यांत दोन्ही खुणा दिसतात. गोळी गार झाल्याखेरीज तिला हात लावू नका, कारण ती त्वचेला चिकटते. हे काम मुलांच्या हाती देऊ नये. पन्नासेक तुकडे तपासून झाले की पुढे नुसत्या स्पर्शाने समजू लागते.

उत्तर: भोर तालुक्यातील, सध्या वारजे

मी गोधड्या शिवते आणि शिकवतेही. निव्वळ सुती पोती आली तर त्यांचा उपयोग मला नीट सांगता येईल; मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यावी. गोधडीच्या आतले थर नव्या कतरणीचे नसतात, ते धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे असतात. नव्या कापडात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटते. जुन्या थरावर न धुतलेले नवे ठिगळ लावले, तर एका धुण्यात तिथे चुण्या पडतात. म्हणून कतरण रात्रभर साध्या पाण्यात भिजवावी, उन्हात कडकडीत वाळवावी आणि मगच वरच्या थरासाठी घ्यावी. कडेपासून सुरू करून आत आत येणारा धावदोरा चार थरांतून सहज गेला पाहिजे. मध्ये पॉलिस्टर आले की थर एकमेकांवरून सरकतात आणि सुई ज्या ठिकाणी अडते तिथेच बोटाला लागते.

तुम्ही न विचारलेली एक गोष्टही लिहिते. माझ्यासारख्या बाया हे काम करतात तेव्हा “तुमच्या हातात कला आहे” असे कौतुक होते, पण मजुरीची वेळ आली की सेवाभावाची आठवण करून दिली जाते. मोठ्या माणसाच्या एका गोधडीला मला पंधरा ते वीस दिवस लागतात. तुम्ही नऊ जणी आपला वेळ मनाने देता, त्याबद्दल मला आदर आहे. परंतु जिचे पोट या कामावर आहे तिला ठरवून, आधी बोलून, पैसे द्यावेत.

उत्तर: येरवडा

मी कचरावेचक महिलांच्या संघटनेसोबत काही वर्षे काम केले आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली, कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. या महिलांना कागद, पुठ्ठा, धातू यांचे भंगारात पैसे मिळतात. मळक्या, ओल्या कापडाचे जवळजवळ काहीच मिळत नाही, उलट ओझे तेवढे वाढते. त्यामुळे कापड कोरडे ठेवणे ही तुमची सर्वांत मोठी मदत ठरेल. संस्था जुन्या वस्तूंच्या संकलन मोहिमाही घेते. आपल्या भागातील मोहिमेची चौकशी करून वापरण्याजोगे कपडे तिथे द्यावेत.

जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बायकांनाही विसरू नका. दारोदार फिरून कपडे घेणे, फाटके निवडणे, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात विकणे, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. चांगल्या साड्या तुम्ही फुकट गोळा करू लागलात, तर त्यांच्या टोपलीतला माल तुम्ही उचलता. ज्यावर त्यांचे पोट चालते ते त्यांनाच जाऊ द्यावे आणि आपण ज्याला कोणीच हात लावत नाही ते उचलावे, असे मला वाटते.

गॅरेज आणि छापखान्यांत पुसण्यासाठी बनियनचे होजिअरी कापड नेहमी लागते, फक्त बटणे आणि इलॅस्टिक काढलेले असावे. लोकरीचे स्वेटर वेगळे ठेवा. पानिपतला जुनी लोकर रंगानुसार निवडून, पिंजून, तिचे पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे होतात. पॉलिस्टरच्या बारीक चिंध्या कुजत नाहीत, म्हणून लोड आणि बैठकीच्या उशा भरायला त्या सुतापेक्षा बऱ्या. बुरशी आलेला पडदा मात्र आजच बाहेर काढा, नाहीतर शेजारची पोती जातील.

प्रश्नकर्त्या: कोथरूड

आपणा तिघांचे मनापासून आभार. आज सकाळी आम्ही सहा पोती गच्चीवर उघडली. पडदा निघालाच, आणि त्याच्याखालचे एक पोते तळाशी ओलसर लागले. पुढील दोन शनिवार आम्ही एकाही दुकानात जाणार नाही, फक्त निवड करणार आहोत. सोसायटीच्या दाराशी “जुने कपडे ठेवू नयेत” अशी पाटीही लावली आहे. पिशव्या टांगण्यास पाचपैकी तीन शिंपी तयार झाले. वारजेच्या ताई, सुती कतरण धुऊन वाळली की मी आपल्याला इथेच कळवीन. आपली मजुरी आपणच सांगावी, ती ठरल्यावरच आम्ही गोधडीचे काम हाती घेऊ.