शब्दचर्चा: ‘डिसइंटरेस्टेड’ला मराठीत ‘उदासीन’ म्हणायचं का?

लिंबूटिंबू
भाचीची जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाला लागणारी प्रवेशपरीक्षा, जवळ आलीय. व्होकॅबची कार्डं आम्ही दोघं मिळून करतोय, पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ आणि एक वाक्य, कारण इंग्रजी शब्दाचा इंग्रजीतला अर्थ ती पाठ करते आणि दोन दिवसांत विसरते, मराठीत एकदा पटला की मात्र बसतो. काल डिसइंटरेस्टेड आला. मी मागे ‘उदासीन’ लिहिलं. शाळेत संस्कृत होतं, उदासीन म्हणजे कुणाचीच बाजू न घेणारा असं आम्हाला शिकवलेलं. भाची म्हणते, मामा, उदासीन म्हणजे ज्याला काही पडलेलंच नाही तो, आणि हाच अर्थ घ्यायचा नाही म्हणून तर हा शब्द परीक्षेत विचारतात.

तिच्या सरावात एक वाक्य होतं, मराठीत सांगायचं तर असं: ‘लवादाचा दोन्ही पक्षांशी काडीचा संबंध नव्हता, म्हणून त्याच्या ____ सल्ल्यावर दोघांनीही विश्वास ठेवला.’ पर्याय सहा: डिसइंटरेस्टेड, इम्पार्शल (निःपक्षपाती), अपथेटिक (निरुत्साही), इंडिफरंट (बेपर्वा), इरूडाइट (विद्वान), कर्सरी (वरवरचा). त्यातले दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे. तिचं म्हणणं, माझं कार्ड पाठ करून बसलेली मुलगी अपथेटिक आणि इंडिफरंटची जोडी लावून मोकळी होईल, आणि दोन्ही बरोबर आल्याशिवाय मार्क नाही. मला अजून वाटतं उदासीन बरोबर आहे. जाणकारांनी सांगावं.

मधलीआळी
भाचीचं बरोबर आहे. कुठलाही मराठी पेपर उघडा, ‘रस्त्यांबाबत प्रशासन उदासीन’, ‘मतदारांत उदासीनता’. तिथे प्रशासन निःपक्षपाती आहे असं कुणी वाचतं का? शब्दाचा अर्थ लोक वापरतात तो. संस्कृतात काय होतं ते संस्कृतच्या पेपरात लिहावं.

ओसरी
इतक्या लवकर निकाल लावू नका. उद् + आसीन, म्हणजे वेगळा, बाजूला होऊन बसलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘सुहृन्मित्रार्युदासीनमध्यस्थद्वेष्यबन्धुषु’ असा चरण आहे, त्यात उदासीन आणि मध्यस्थ शेजारी शेजारी आलेत, म्हणजे गीताकाराला ते दोन वेगळे माणूस वाटतात. शंकराचार्य भाष्यात फरक सांगतात: उदासीन कुणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही भलं चिंततो. कौटिल्याच्या राजमंडलातही, म्हणजे शत्रू-मित्र राजांच्या मांडणीतही, उदासीन राजा आहे, आणि तो चांगला बलवान असतो, गुंतलेला नसतो इतकंच. यात ‘काही पडलेलं नाही’ कुठून आलं?

आणि बारकाईने पाहिलं तर लिंबूटिंबूंच्या वाक्यातला लवाद मध्यस्थ आहे, उदासीन नाही. त्याने सल्ला दिलाय, म्हणजे तो बाजूला बसून राहिलेला नाही.

न्यूजर्सीकर
आम्ही नव्वदच्या दशकात दिली तेव्हा व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या भागाचे, मार्क २०० ते ८०० मध्ये असायचे आणि विरुद्धार्थी शब्द थेट विचारायचे, एक शब्द मोठ्या अक्षरात आणि खाली पाच पर्याय. त्याला जोडून समसंबंध. २०११ साली परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेने दोन्ही प्रकार काढून टाकले, तेव्हापासून १३० ते १७०, आणि सगळे शब्द वाक्यात किंवा उताऱ्यातच येतात. २०२३ मध्ये परीक्षा आणखी छोटी केली, आता व्हर्बलचे एकूण २७ प्रश्न, पहिल्या भागात १२ प्रश्नांना १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ ला २३.

हे सांगतोय कारण विरुद्धार्थीची सवय फार उपयोगी होती आणि आजच्या मुलांनी ती सोडू नये. डिसइंटरेस्टेडचा विरुद्धार्थी तेव्हा बायस्ड किंवा पार्शल असा यायचा. इंडिफरंटचा विरुद्धार्थी आस्थेवाईक. दोघांचे उलटे शब्द वेगळे, म्हणजे सुलटेही वेगळे. कार्डावर उलटा शब्द लिहा, मराठी अर्थावरून भांडायची वेळच येणार नाही.

तळ्यातमळ्यात
समसंबंध तर आपल्या स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीत अजून आहेत! आधी चौथी-सातवीला असायचे, मधे पाचवी-आठवीला गेले. माझ्या मुलाचा सराव घेताना ‘वैद्य : औषध :: शिक्षक : ?’ करून करून पाठ झालंय. अमेरिकेने काढले आणि आपण ठेवले, मला तर ठेवले ते चांगलंच वाटतं, मुलं शब्दांकडे नीट बघायला शिकतात.

खडूफळा
मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे उदासीन शब्द रोज लागतो आणि त्याचा अर्थ निव्वळ न्यूट्रल. आम्ल अधिक आम्लारी, त्यातून क्षार आणि पाणी, ही उदासिनीकरण अभिक्रिया. शुद्ध पाण्याचा सामू (पीएच) ७, पाणी उदासीन, निळा लिटमस निळाच राहतो आणि तांबडा तांबडाच. मुलांना हे कधी अडत नाही, पाणी दुःखी आहे का असं अजून तरी कुणी विचारलेलं नाही. तेव्हा मधलीआळी, ‘लोक वापरतात तो अर्थ’ म्हणताना महाराष्ट्रातली मराठी माध्यमाची सगळी पोरं लोकांत धरा.

मधलीआळी
पाठ्यपुस्तकातला शब्द पाठ्यपुस्तकातच राहतो खडूफळाताई. तुमचाच विद्यार्थी घरी जाऊन ‘आमचे पंच अगदी उदासीन होते’ असं म्हणाला तर आई विचारेल, काय झालं रे त्यांना.

पायवाट
सगळे संस्कृतात आणि प्रयोगशाळेत फिरताय, मराठीतच बघा की. तुकोबा म्हणतात, ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’. आता इथे उदास म्हणजे तोंड पाडून खर्च करा असं आहे का? चांगल्या मार्गाने कमवा आणि मन न अडकवता खर्च करा. आमच्याकडे हरिपाठाला येणारा, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही हा चरण बरोबर समजतो. सतराव्या शतकातली ही अस्सल मराठी आहे, कुणी वरून लादलेला संस्कृत अर्थ नव्हे. गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद, त्यांच्या पंथातल्या साधूंना उदासी म्हणतात तेही याच अर्थाने.

मधलीआळी
उदास वेगळं, उदासीन वेगळं.

ओसरी
धातू एकच, उद् + आस्. एकाचा अर्थ दुःखाकडे गेला, दुसऱ्याचा बेफिकिरीकडे. दोन्हीकडे तटस्थपणा मागे पडला, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आपल्याला कुणाचं गुंतलेलं नसणं इतकं खटकतं की असा माणूस एक तर दुःखी असणार किंवा निष्काळजी, असंच आपण धरून चालतो. शब्द नुसता झिजत नाही, त्याच्याबरोबर एक विचार जातो.

वऱ्हाडीठेचा
आमच्या अकोल्याकडे तर आणखी घोळ, हिंदी इतकी मिसळलेली की शिक्षा म्हटलं की शिक्षण का दंड ते माणूस बघून ठरवावं लागतं. आपत्तीचं तसंच, हिंदीत हरकत, मराठीत संकट. रागाचं बघा, संस्कृतात राग म्हणजे ओढ, प्रेम, रंग, आणि मराठीत सरळ संताप. आता कुणी मला तुकोबांच्या काळचा राग लाव म्हणालं तर मी काय करू? भाषा पुढे जाते, मी मधलीआळींच्या बाजूचा आहे.

पायवाट
पुढे जाते हे मान्य, पण जुना अर्थ जिवंत असताना त्याला मेलेला म्हणू नका. सावरकरांनी मेयरला महापौर दिला तेव्हा तो शब्द कुणी बोलत नव्हतं, आज सगळे बोलतात. वापरला की शब्द जगतो. उदासीन पुन्हा वापरा, जगेल.

न्यूजर्सीकर
परीक्षेच्या आदल्या रात्री शब्द जगवायला वेळ नसतो हो.

आणि इंग्रजीतही हा वाद आहे हे लक्षात घ्या. सतराव्या शतकात डिसइंटरेस्टेड ‘रस नसलेला’ अशा अर्थानेही लिहायचे आणि अनइंटरेस्टेड ‘निःपक्षपाती’ म्हणून, म्हणजे आजच्या बरोब्बर उलट. आज अमेरिकेत रस्त्यावरचा माणूस ‘आय ॲम डिसइंटरेस्टेड’ म्हणतो तेव्हा त्याला कंटाळाच आलेला असतो. माझ्या ऑफिसात ईमेलमध्ये लोक असंच लिहितात आणि कुणाला खटकत नाही. परीक्षेपुरता मात्र निःपक्षपाती हाच अर्थ धरून चाला.

तिखटमीठ
मला वाटतं खरा घोळ इंटरेस्टमध्ये आहे. इंग्रजीत एकच शब्द तीन कामं करतो. पिक्चरमध्ये इंटरेस्ट, कंपनीत इंटरेस्ट, बँकेचा इंटरेस्ट. मराठीत आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत: रस किंवा स्वारस्य, हितसंबंध आणि व्याज. म्हणून मी तरी मुलांना सांगते की इंटरेस्ट दिसला की आधी विचारा, यातला कुठला? ‘स्वारस्य नसलेला’ म्हणजे अनइंटरेस्टेड, ‘हितसंबंध नसलेला’ म्हणजे डिसइंटरेस्टेड. पुढे वाक्य बघून कधी तटस्थ, कधी निःस्वार्थ, कधी त्रयस्थ. एका शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवायचा हट्ट केला की प्रश्न चुकतो. जीआरईला शब्दाची छटा विचारतात, आणि छटा वाक्याशिवाय कळत नाही. मी कार्डावर मराठी शब्दाऐवजी मराठी वाक्यच लिहायला लावते. ‘जमिनीच्या वाटणीला मामाला बोलावलं, त्याला त्यातलं काही मिळणार नव्हतं.’ एवढं वाचलं की मुलाला शब्द कळतो, व्याख्या लागत नाही.

लिंबूटिंबू, तुमच्या भाचीला उदासीन कार्डावर ठेवायचाच असेल तर त्याच्याखाली तुकोबांची ओळ लिहून ठेवा. विसरणार नाही.

ओसरी
तिखटमीठ, सुंदर. आता हे बघा. इंटरेस्ट मुळात लॅटिन, इंटर म्हणजे मध्ये, एस्से म्हणजे असणे. जो मध्ये असतो त्याचा इंटरेस्ट. आपला मध्यस्थही ‘मध्ये उभा असणारा’च. रचना अगदी तीच, अर्थ विरुद्ध! त्यांच्याकडे मध्ये असलेला माणूस गुंतलेला, आपल्याकडे मध्ये असलेला माणूस विश्वासाचा. आणि तटस्थ तर नदीत उतरलेलाच नाही, काठावर उभा.

तळ्यातमळ्यात
मग डिसइंटरेस्टेडला ‘निर्व्याज’ का नाही? इंटरेस्ट = व्याज, डिस = निर्. निर्व्याज प्रेम, निर्व्याज मैत्री. इंग्रजीत डिसइंटरेस्टेड फ्रेंडशिप म्हणतातच की, परतफेडीची अपेक्षा नसलेली.

ओसरी
अर्थ जुळतो पण वाट वेगळी. निर्व्याजमधलं व्याज म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती अलंकार शाळेत होता ना, वरून स्तुती आणि आतून निंदा, ते हे व्याज. निर्व्याज म्हणजे निष्कपट. बँकेचा काही संबंध नाही. कर्जावर व्याज नसेल तर आपण बिनव्याजी म्हणतो, निर्व्याज कर्ज कुणी म्हणत नाही.

मधलीआळी
बहाण्याचा अर्थ बँकेत कसा गेला मग?

पायवाट
आमचे आजोबा सांगायचे की पूर्वी उघड जादा पैसे घेणं लाजिरवाणं, म्हणून सावकार काहीतरी निमित्त काढून वरचे पैसे घ्यायचा, ते निमित्त म्हणजे व्याज. मला ते पटतं.

ओसरी
गोष्ट छान आहे, पण एखाद्या जुन्या कागदात तसा प्रयोग दाखवा. संस्कृतात कर्जावरच्या वाढीला वृद्धी आणि कुसीद हे सरळ शब्द होते, स्मृतींमध्ये त्याचे दरसुद्धा दिलेत. लाजायचं कारण नव्हतं.

वऱ्हाडीठेचा
हिंदीत ब्याज, गुजरातीतही व्याज. एकट्या मराठी सावकाराला लाज वाटली आणि शब्द सगळीकडे पसरला असं होणार नाही पायवाटभाऊ.

पायवाट
तिन्हीकडचे सावकार सारखेच होते. आजोबांकडे जुनी मोडीतली कर्जखतं होती, काकांकडे असतील अजून, दिवाळीत गेलो की काढायला सांगतो. त्यात व्याजाच्या जोडीला आणखी काय शब्द येतात ते बघण्यासारखं आहे.

खडूफळा
नक्की बघा आणि इथे टाका. मला त्यात मुद्दल कसं लिहिलंय तेही हवंय. आमच्याकडे ‘मुद्दलातच खोट’ म्हणतात, आणि सासूबाईंचं म्हणणं तो मूळ + दल असा शब्द आहे. मला ती फोड पटत नाही, मूळचा ळ एवढा पूर्ण कसा गायब होईल?

ओसरी
द जोडाक्षर झालाय, त्यात ळ जिरला असेल तर अशक्य नाही. पण खतात ‘मुदल’ असं एकेरी द लिहिलेलं सापडलं तर फोड बदलावी लागेल. पायवाट, फोटो काढताना अक्षर स्पष्ट येईल असा काढा, मोडी वाचणारे दोघंतिघं आहेत इथे.