लांब पल्ल्याची सायकल: थकव्यावर पावडरीचा डबा कशाला?

तापीकाठ: २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. त्यासाठी जळगाव-धुळ्याकडची नवी पोरं आधी बीसीएएचा (प्रथिनांतल्या तीन अमिनो आम्लांच्या पावडरीचा) डबा आणतात, याचं वाईट वाटतं. स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, साधारण ४००-५०० ग्रॅमच मावतं. ते आटलं की धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर पाय उचलत नाहीत. तिथे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. ५ ग्रॅम बीसीएएतून जेमतेम २० कॅलरी मिळतात, तर एका मध्यम केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. आणि केळी तर आपल्या रावेर-यावलची! अमेरिकेत २०१२ साली ७५ किमीच्या चाचणीत केळी खाणारे आणि स्पोर्ट्स ड्रिंक पिणारे वेळेत सारखेच ठरले.

घाटकरी: भाऊ, अर्धीच गोष्ट सांगताय. त्या अभ्यासाला पैसा केळी विकणाऱ्या डोल कंपनीचा होता, आणि केळ्यांनी पोट जास्त फुगल्यासारखं वाटलं हेही त्यातच आहे. ६० ग्रॅम म्हणजे तासाला अडीच केळी. आठव्या तासाला, भर उन्हात ती घशाखाली उतरत नाहीत. माल्टोडेक्स्ट्रिन-फ्रुक्टोज या साखरांचं पाणी बाटलीतून सहज जातं. दोन्ही साखरा आतड्यात वेगळ्या वाटांनी शोषल्या जातात, म्हणून सवय केली तर ९० ग्रॅमही पचतात. सगळ्या डब्यांना एकाच काठीने हाकू नका.

तापीकाठ: माल्टोडेक्स्ट्रिन अन्नच आहे, त्याच्याशी भांडण नाही. ‘थकवा घालवतो’ म्हणून विकतात त्याच्याशी आहे.

शहाद्याचा सायकलवाला: बीसीएएमागेही शास्त्र आहे की. व्यायाम लांबला की ट्रिप्टोफॅन हे दुसरं अमिनो आम्ल मेंदूत जास्त शिरतं, त्यातून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढतं, थकवा जाणवतो. बीसीएए ती वाट अडवतं. तोरणमाळ चढताना मला फरक पडतो.

घाटकरी: तर्क चांगला आहे, पण चाचण्यांत वेग काही सातत्याने वाढलेला दिसत नाही. त्यापेक्षा कॅफिनचा पुरावा भक्कम: वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिग्रॅ. झोप मात्र उडते.

लॅबवाली ताई: तुम्ही सगळे सायकलवरच्या थकव्याबद्दल बोलताय. विश्रांतीनंतरही जिना चढताना धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ तपासा. शाकाहारी घरांत बी१२ आणि मुलींमध्ये लोह बरेचदा कमी निघतं. पण मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. जादा लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, ते साठत जातं.

तापीकाठ: ताई, रिपोर्ट बघून दिलेली गोळी मला मान्य आहे. रक्त न तपासता डबा हातात देणाऱ्या जिमवाल्यांना माझा विरोध राहील.

घाटकरी: आणि मे महिन्यात ४४ अंशांत नुसतं पाणी ढोसायला सांगणाऱ्यांना माझा. घामातून मीठ जातं, वर साधंच पाणी भरत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. ओआरएस घ्या, पण त्यात लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं, खाणं वेगळं लागतंच. आता यावर तुमची केळी चालतील, भाऊ.