'इम्पोस्टर सिंड्रोम'ला मराठीत काय म्हणावं?

बोरू : पुस्तकांची चित्रं काढते, अठरा वर्षं झाली. तरी नवं काम हातात आलं की पोटात गोळा येतो, या वेळी पितळ उघडं पडणार! याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात एवढं कळलंय. 'तोतया विकार' असं भाषांतर वाचनात आलं आणि होतं त्याहून जास्त वाईट वाटलं. बरा शब्द आहे का? की हा आपला साधा न्यूनगंडच?

अर्धविराम : 'विकार' तर नकोच. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांवरच्या शोधनिबंधात ही गोष्ट मांडली, तेव्हा त्यांचा शब्द 'फिनॉमिनन' होता, म्हणजे नुसती आढळून येणारी गोष्ट. 'सिंड्रोम' मागाहून चिकटलं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत, म्हणजे डीएसएममध्ये, हा आजार म्हणून नोंदलेला नाही.

न्यूनगंडही नव्हे. न्यूनगंडवाला म्हणतो, 'मला जमत नाही.' इथे जमलेलं काम समोर असतं, लोक वाखाणत असतात, आणि हा म्हणतो, 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला.' नाचता येईना त्याला अंगण वाकडं. याला नाचता येतं, पण म्हणणार काय, तर अंगणच सरळ होतं!

राहिला तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला, त्याला आपण भाऊ नाही हे पक्कं ठाऊक होतं. फसले ते लोक. तुमच्या बाबतीत लोक बरोबर आहेत आणि चुकताय तुम्ही. म्हणून मी 'तोतयेपणाची धास्ती' म्हणतो. धास्ती खरी, तोतयेपण खोटं.

काना-मात्रा : 'तोतयागंड' करा. न्यूनगंड, अहंगंडाच्या पंगतीत बसतो.

अर्धविराम : बसतो, पण गंड म्हटलं की माणूस लगेच रोगी ठरतो.

खोडरबर : शब्द कुठलाही घ्या, मला क्रियापदांबद्दल बोलायचंय. मी कविता लिहितो. बरी उतरली तर म्हणतो, 'सुचली', 'जमून आली', 'होऊन गेली'. 'मला कविता सुचली' या वाक्यात कर्ता कोण? कविता. मी नुसता 'मला'. आणि बिघडली की? 'मी घाण केली.' तिथे मात्र 'मी' छाती काढून पुढे! यशात चतुर्थी, अपयशात कर्तेपद. मराठीत हे विनय म्हणून खपून जातं, त्यामुळे धास्ती आत दडून बसली तरी कुणाला, अगदी आपल्यालाही, पत्ता लागत नाही.

'मीच केली, मीच केली' असं आरशासमोर घोकून पाहिलं. उपयोग शून्य, वर हसू आलं. कामी आलं ते 'खोडणे' हे क्रियापद. ओळ सुचली असेल आपोआप, पण खोडली ती मीच ना? 'मला खोडलं' असं कुणी म्हणत नाही. तेव्हापासून कच्चे खर्डे फाडत नाही, तारीख घालून ठेवतो. धास्ती आली की छापील कविता वाचत नाही, खर्डे काढतो. नशिबानं झालं असतं तर एवढी खाडाखोड कशाला लागली असती?

काना-मात्रा : मान्य, पण प्रत्येक शंकेला धास्ती म्हणू नका. कधी कधी चित्र खरंच फसलेलं असतं.

खोडरबर : वा, चांगला शब्द दिलात! 'चित्र फसलं' आणि 'मी फसवलं'. एका 'व'चा फरक, पण पहिलं कामाबद्दल आहे, दुसरं माणसाबद्दल. फसलेलं चित्र पुन्हा काढता येतं. धास्तीवाला पहिलं म्हणायला जातो आणि त्याच्या तोंडून दुसरंच निघतं.

बोरू : 'तोतयेपणाची धास्ती' घेते. आत्ताच खालचा खण उपसला. गाजलेल्या एका कोंबडीची चौदा कच्ची रेखाटनं निघाली. तेरांवर काट मारलीय, ती मीच मारलीय. चौदावं मात्र 'जमून गेलं' असंच अजून तोंडात येतंय.