पैठण ते पंढरपूर, पाठीवर सॅक घेऊन : पहिले चार दिवस कसे आखावेत?

पाऊलवाट_जालना

नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण डिसेंबरच्या मध्यावर पैठणहून पंढरपूरला पायी निघणार आहोत. नाथांच्या पालखीच्याच वाटेने, म्हणजे हादगाव, लाडजळगाव, रायमोहा, पाटोदा, खर्डा, परांडा असे जावे, असा विचार आहे. मात्र आषाढीच्या गर्दीत न जाता दोघींनीच आणि सगळे सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन. रविवारी डोंगर-किल्ले चढण्याची आम्हांला सवय आहे, पण ओझे घेऊन रोज चालत राहण्याचा अनुभव नाही.

पालखीच्या मुक्कामांची यादी समोर ठेवून आम्ही रोज वीस-बावीस किलोमीटर धरले आहेत. दोघींच्या सॅक प्रत्येकी अकरा किलोंच्या आसपास भरतात, त्यात दोन माणसांचा तंबू आहे. एकदा लय सापडली की पुढचे निभेल असे वाटते, परंतु पहिल्या तीन-चार दिवसांची धास्ती आहे. अंतर किती ठेवावे, तंबू न्यावा का, आणि दोन बायकांनी मुक्कामासाठी गावात नेमके कोणाला विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ

ताई, तुमचा बेत फार आवडला. पालखीबरोबर मी बरीच वर्षे चालतो आहे, त्यामुळे एक गोष्ट आग्रहाने सांगतो : पालखीची मुक्कामांची यादी तुमच्यासाठी नाही. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते किंवा गळ्यात वीणा असतो. त्याची वळकटी, भांडीकुंडी, शिधा हे सगळे दिंडीच्या ट्रकमध्ये असते आणि तो मुक्कामी पोहोचण्याआधीच तिथे चूल पेटलेली असते. वाटेत गावोगावी चहा आणि भाकरी घेऊन माणसे उभी असतात. तुम्ही अकरा किलो घेऊन जाल, पाणी स्वतः शोधाल आणि संध्याकाळी जेवणाची व जागेची चौकशीही स्वतःच कराल. तेच अंतर तुम्हांला दीडपट वाटेल.

पहिल्या दिवशी सकाळी नाथांच्या समाधीचे दर्शन घ्या, गोदावरीचा पूल ओलांडा आणि दहा-बारा किलोमीटरांवर थांबा. दुपारी दोनलाच पोहोचलात आणि पायांत अजून जोर आहे असे वाटले, तरी पुढे जाऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी बारा ते पंधरा पुरेत. एकूण अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरांच्या दरम्यान आहे, तेव्हा सुरुवातीला मागे पडलेले वीस-तीस किलोमीटर परांड्याच्या पुढे, सपाटीवर, सहज भरून निघतात.

आणखी एक. डिसेंबरमध्ये कारखाने चालू असतात. जायकवाडीच्या पाण्यावरचा हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर येतात, त्यांतल्या अनेकांना मागे दिवाही नसतो. म्हणून उजाडल्याशिवाय निघू नये, समोरची वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे आणि सॅकवर चमकणारी पट्टी लावावी. उसाच्या फडांलगत अंधार पडल्यावर चालणे तर बिबट्यामुळेही टाळावे.

पायांचा_वैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लांब पल्ल्याच्या चालण्याने दुखावलेले पाय नेहमी पाहतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

सवयीपेक्षा जास्त श्रम झाले की स्नायूंचे दुखणे लगेच येत नाही. ते एक ते तीन दिवसांत टिपेला पोहोचते. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी माणूस खुशीत असतो आणि तिसऱ्या सकाळी त्याला पायरी उतरवत नाही. हे दुखणे आपोआप ओसरते. घोट्यामागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) किंवा नडगीची कडा यांचे दुखणे मात्र वेगळे : तिथे बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल आणि चालताना ती वाढत असेल, तर त्या दिवशी थांबावे. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, पण शिरा आणि हाडे यांना त्यासाठी कितीतरी आठवडे लागतात. म्हणून निघण्याआधी महिनाभर, भरलेली सॅक घेऊन, आठवड्यातून तीन-चार वेळा चालण्याचा सराव करा. हा रस्ता आता रुंद आणि कडक झाला आहे, त्यामुळे जिथे मातीची साइडपट्टी मिळेल तिथे तिच्यावरूनच चाला.

फोडांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा प्रवासातून माणसे बहुधा त्यांच्यामुळेच परततात. घामाने ओली झालेली त्वचा बुटाला चिकटते, आतले हाड पुढे सरकते आणि या ओढाताणीत त्वचेचे थर सुटून मध्ये पाणी भरते. फोड येण्यापूर्वी ती जागा गरम लागते. हा इशारा मिळताच, पुढचे गाव येईपर्यंत वाट न पाहता, तिथेच रस्त्याच्या कडेला बसा. मोजा काढा, पाय कोरडा करा आणि त्या जागी कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. दुपारपर्यंत पाय सुजतात, म्हणून बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे आणि आधी वापरून मऊ झालेले असावेत. मोज्यांचा दुसरा जोड सॅकला बाहेरून वाळत टाकावा आणि दुपारी बदलावा.

अकरा किलो जास्त आहेत. पाण्यासकट आठांवर आणा. रिकाम्या पोटी आणि पाणी कमी प्यालेले असताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यातच घाला, कमी पाण्यात नाही.

बालाघाटची_लेक

ताई, माझे माहेर शिरूर कासार तालुक्यातले, म्हणून मुक्कामाचे मी सांगते. तंबू घरीच ठेवा. वजनाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठे कारण असे, की शेतीपंपांची वीज आलटून-पालटून रात्री येते आणि ज्वारी-गव्हाला पाणी द्यायला माणसे मध्यरात्री बॅटरी घेऊन रानात फिरतात. अंधारात अनोळखी तंबू दिसला की तेही घाबरतात आणि तुम्हीही.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. डिसेंबरमध्ये आमच्या भागातली निम्मी घरे कुलूपबंद असतात, कारण कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले राहतात. आजी ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेली असते आणि दाराच्या कडीला सुनेची ओढणी तशीच अडकवलेली असते. अशा घरी अंधार पडल्यावर दार वाजवणे बरे नाही. सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा चारपर्यंत गावात पोहोचा. आशाताई, अंगणवाडीताई किंवा जिल्हा परिषद शाळेतल्या बाई यांच्यापैकी कोणालाही आधी भेटा. त्या स्वतः तुम्हांला घरी नेतील किंवा मंदिराच्या सभामंडपाची व्यवस्था करून देतील. पोलीस पाटलांच्या कानावर घातले म्हणजे झाले. शौचालयाचे मात्र जागा ठरवण्यापूर्वीच विचारा, लाजू नका.

पाणी बहुतेक गावांत आरओच्या केंद्रावर पाच-दहा रुपयांत मिळते, पण वीज नसली की ते बंद असते. म्हणून सकाळी निघतानाच दोन लिटर भरून घ्या. बोअरचे पाणी काही ठिकाणी मचूळ लागते. जेवणाला भाकरी, पिठले, ठेचा कोणीही देईल. शिधा म्हणून डाळ-तांदूळ पाठीवर वाहू नका, थोडे शेंगदाणे आणि गूळ ठेवा.

पाऊलवाट_जालना

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही बेत बदलला आहे : तंबू रद्द, पहिल्या दिवशी फक्त बारा किलोमीटर, आणि लाडजळगावला पोहोचल्यावर पाय पाहून एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यायची की नाही ते ठरवू. एकच शंका उरते. रायमोह्यानंतर बालाघाटचा चढ लागतो असे ऐकले आहे. तो टाळण्यासाठी बीडवरून वळसा घ्यावा का?

बालाघाटची_लेक

अजिबात नको. वळसा लांब पडेल आणि वाहनांची वर्दळही जास्त लागेल. चढ फार अवघड नाही, फक्त तो सकाळच्या गारव्यात चढा. डिसेंबरमध्येही दुपारचे ऊन लागते. त्यासाठी आदल्या दिवशी रायमोह्यातच थांबा. वर पाटोद्याकडची थंडी खालच्यापेक्षा बोचरी असते, तेव्हा सोलापुरी चादरीऐवजी हलकी स्लीपिंग बॅग आणि कानटोपी घ्या. निघण्याची तारीख ठरली की कळवा, रायमोह्यात आमच्या वहिनींना सांगून ठेवते.