जप्त केलेली ऑर्किडं परत जंगलात का सोडत नाहीत?

ताई, तुम्ही विचारलंत, की कस्टमनं पकडलेली ऑर्किडं सरळ जंगलात का सोडत नाहीत. मलाही आधी तेच योग्य वाटायचं. पण नेमकं कुठल्या जंगलात सोडणार? चोरटा काही डोंगराचं नाव लिहून ठेवत नाही. वर रोपासोबत कीड किंवा विषाणू आला, तर तिथली चांगली झाडंही जायची.

सगळी ऑर्किडं साइट्स (धोक्यातल्या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) कराराखाली येतात, भारत त्यात 1976 पासून आहे. अमेरिकेत 1978 पासून एक पद्धत आहे: जप्त रोपं जिथून आली, त्या देशाला आधी परत हवीत का विचारतात, नको म्हटलं तर वनस्पती उद्यानांना सांभाळायला देतात. ब्रिटनमध्ये बरीच रोपं लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात जातात. पण पोचेपर्यंत पुष्कळ मरतात. मुळं छाटून, ओल्या कागदात गुंडाळून, बॅगेत कोंबलेली असतात हो!

आमच्या खानापूर भागात, जांबोटीच्या वाटेवर, पावसात फांदी मोडून सीतेची वेणी (हे आपल्याकडचं झाडावर वाढणारं ऑर्किड) रस्त्यात पडलेली दिसते. अशीच एक मी परसातल्या आंब्याला काथ्यानं बांधली. मुळं वाळून पांढरी पडली होती, पाणी मारल्यावर काही मिनिटांत हिरवी झाली. तरी दोन वर्षं फूल नाही. वाऱ्यानं पडलेल्या, घराजवळच्या रोपाची ही गत, मग बॅगेतून आलेल्याचं काय होत असेल?

म्हणून बाजारात कुणी 'जंगलातलं, अस्सल' म्हणून ऑर्किड विकायला आणलं, तर घेऊ नका. रोपवाटिकेतलं घ्या, ते टिकतंही जास्त.