ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे भारतीयच ना?

संत्रानगरी: मोठा भाऊ कॅनडाचा नागरिक झाला, आता ओसीआय काढून राहिला. म्हणते धरमपेठेत फ्लॅट घेतो अन् मतदानही करतो. जमते का?

ठेचा_भाकर: फ्लॅट जमते, मत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ वाच, दुसरीकडचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की इथलं गेलंच, पासपोर्टही सरेंडर करा लागते. ओसीआय म्हणजे जन्मभराचा व्हिसा समज, नाव काही असो बे.

जरीपटकावाला: आमचे आजोबा फाळणीत सिंधहून आले, नागपूरची मारबतीची मिरवणूक पाहायला आम्हाला खांद्यावर न्यायचे, कागद कोणी नाही विचारला. भावाला मारबत आठवते ना?

संत्रानगरी: दरवर्षी व्हिडिओ कॉल लावा लागते! बरं, काटोलच्या वावराचं काय?

ठेचा_भाकर: वारशानं मिळते, विकत नाही.